आठव्या कुरणाचं कव्हर

नानासाहेबांच्या दुकानात नवं सॉफ्टवेअर आलं त्या दिवशी सत्यशीलाने दुपारचा डबा उघडलाच नाही. औरंगपुऱ्यातल्या अरुंद गल्लीत, साड्यांच्या दुकानावरच्या खोलीत ती कितीतरी वर्षं फ्लेक्स करत होती. वाढदिवस, निवड, उद्घाटन, श्रद्धांजली. गिऱ्हाईक मोबाइलवरून फोटो पाठवायचं. ती चेहऱ्यावरचा उन्हाचा पट्टा पुसायची, कॉलर सरळ करायची, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिथं किल्ला नाहीतर सूर्योदय बसवायची. आता हे सगळं यंत्र करणार होतं. नानांनी गंमत म्हणून स्वतःचाच फोटो टाकला. क्षणात पडद्यावर एक देखणे नानासाहेब उभे राहिले, शेजारी सिंह.

"बघ शीला, केससुद्धा आले मला!"

"मग आता मी काय करू, नाना?"

नानांनी पंखा वाढवला. माणूस वाईट नव्हता. "फेब्रुवारीपर्यंत तर हायेसच की. पुढचं पुढं बघू," ते म्हणाले, आणि सिंहाचं तोंड मोठं करून बघू लागले.

त्या वर्षी ऑगस्ट सगळा कोरडा गेला होता. शहराला नळाचं पाणी आठवड्यातून एकदा यायचं, कधी तेही नाही. बायपासच्या पलीकडे मात्र इमारतींचे सांगाडे वाढत होते आणि त्यांच्याकडे जाणारे टँकर भर दुपारी रस्त्यावर पाणी सांडत जायचे. सोयगाव तालुक्यातल्या तिच्या गावाकडे गवत गुडघ्याला लागलंच नव्हतं. तिचे वडील, सूर्यभानआबा, दरवर्षीपेक्षा लवकर, दिवाळीचे दिवे विझायच्या आत मेंढरं घेऊन खाली तापीकाठच्या केळीच्या मुलखात निघून गेले होते. माय म्हाळसाबाई गुडघ्यामुळे घरी राहिली होती.

याच दिवसांत ऋतुराज दुकानात आला. वडिलांच्या, तात्यासाहेबांच्या, एकसष्टीचा फ्लेक्स करायचा होता. चांगला फोटो एकच होता, त्यात तात्यांनी नेमके डोळे मिटलेले. सत्यशीलाने ते हाताने रंगवून उघडले. ऋतुराज पडद्यासमोर वाकून बघत राहिला.

"हे यंत्राने केलं?"

"नाही. मी."

"बाबा चिडायच्या आधी असेच बघतात," तो म्हणाला. जाताना तिचा नंबर घेऊन गेला.

ऋतुराज पुण्यातली नोकरी सोडून आला होता. पुंडलिकनगरातल्या घराच्या वरच्या मजल्यावर एकटाच बसून तो एक व्हिडिओ गेम बनवत होता. गेमचं नाव 'आठवं कुरण'. जगातली सात कुरणं जळून गेली आहेत आणि एक म्हातारा मेंढपाळ उरलेला कळप घेऊन आठव्या कुरणाच्या शोधात निघाला आहे. वाटेत सावल्या खाणारे लांडगे, कोडी घालणाऱ्या विहिरी, पाठीवर पाऊस वाहून नेणारा एक आंधळा पक्षी, एक चेटकीण. ऐकताना सत्यशीलाला हसू आलं.

"तुम्ही कधी मेंढरं वळलीत का, ऋतुराजभाऊ?"

"छे. आमची शेती होती. उन्हाळ्यात खतासाठी शेतात मेंढरं बसवायला धनगर यायचे."

"म्हणजे आम्हीच," ती म्हणाली. मग तोही हसला, जरा उशिरा.

त्याला कव्हर हवं होतं. परदेशातल्या ज्या ऑनलाइन दुकानात हा गेम विकायला लागणार होता, तिथं रोज ढिगाने नवे गेम येतात. गिऱ्हाईक बोटाने सरकवत जातं. कव्हर दिसतं अंगठ्याच्या नखाएवढं, आणि त्याच्यावर नजर टिकते ती पापणी लवेपर्यंत. तेवढ्यात हा कसला गेम, यात आपण कोण, आणि आत यावं की नाही, हे त्या नखाएवढ्या चित्राने सांगायचं. फेब्रुवारीत त्या दुकानाचा एक उत्सव असतो. येऊ घातलेल्या गेमचे नमुने आठवडाभर लोकांना फुकट खेळायला देतात. त्यात भरपूर लोकांनी 'हा गेम मला हवा' अशी खूण केली, तर एक प्रकाशक पैसे घालायला तयार होता. मग ऋतुराज सत्यशीलाला कायमची चित्रकार म्हणून घेणार होता. तसं झालं नाही तर वरचा मजला क्लासवाल्याला भाड्याने जायचा, हे तात्यासाहेबांनी जाहीर करून टाकलं होतं.

सत्यशीलाने कुणाला काही सांगितलं नाही. पण नानांचा फेब्रुवारी आणि या उत्सवाचा फेब्रुवारी एकच आहे, हे ती रोज बसमध्ये बसताना मनाशी म्हणायची.

पहिलं कव्हर तिने जीव ओतून केलं. मधोमध मेंढपाळ, डावीकडे लांडगे, उजवीकडे विहिरी, वर पक्षी, पक्ष्याच्या पंखाखाली चेटकीण, खाली एका ओळीत मेंढरं, सगळ्याला सोनेरी किनार. कुणालाही वगळायचं नाही, ही तिच्या हाताला लागलेली सवय होती. फ्लेक्सवर पुतण्याचा फोटो राहिला म्हणून दुकानात येऊन खुर्ची भिरकावणारा माणूस तिने पाहिला होता. त्यामुळे जो कोणी असेल त्याला जागा द्यायची, लहान का होईना.

तात्यासाहेब चहा घेऊन वर आले होते. त्यांनी चष्मा चढवला. "छान आहे. यातला उमेदवार कोणता?"

ऋतुराजने ते चित्र नखाएवढं केलं आणि दुसऱ्या गेमच्या कव्हरांमध्ये नेऊन ठेवलं. सत्यशीला वाकली. चिवड्याची बशी वरून दिसावी तसं काहीतरी दिसत होतं.

"एकच गोष्ट काढ," तो म्हणाला. "सगळ्या जगातली एकच."

तिने नुसता कळप काढला. लहान केल्यावर त्याचा साबुदाणा झाला. मेंढपाळ दूरवरून, काठी टेकून उभा असलेला काढला. ती काठी केसासारखी दिसून दिसेनाशी झाली. नुसता पक्षी काढला, तो कोंबडीच्या औषधाची जाहिरात वाटला. ऋतुराज प्रत्येक वेळी समजुतीने मान हलवायचा. दुसऱ्यांची कव्हरं बघून बघून सत्यशीलाच्या ध्यानात एक गोष्ट आली. सगळी निळी नाहीतर जांभळी होती. सगळ्यांत तलवारी होत्या, सगळ्यांत काहीतरी पेटलेलं होतं. पिवळट, धुळीचा, पाण्यावाचूनचा रंग कुणाकडेच नव्हता. तो तिला शोधावा लागणार नव्हता.

तिच्या मोबाइलमध्ये एक फोटो होता. आबा निघाले त्या सकाळचा. गावाच्या कडेला मेंढरं पुढं गेली होती आणि "आबा" अशी हाक ऐकून त्यांनी मागं वळून पाहिलं होतं. लाल पटका, मागून येणारं ऊन, दाढीच्या खुंटांत अडकलेला उजेड. डोळे किलकिले, राग नाही, आनंद नाही. ती त्यावरूनच काढत गेली. मेंढरं वगळली, पक्षी वगळला, काठीसुद्धा वगळली. चेहरा एवढा मोठा घेतला की पटक्याचा वरचा भाग कडेला कापला गेला. डोक्यामागं उजेड, कडांना अंधार, खाली इंग्रजीत ठसठशीत अक्षरांत नाव.

ऋतुराजने ते लहान केलं. निळ्या-जांभळ्या गलक्यात तो मातकट चेहरा गप्प बसला होता, आणि त्याच्यावरून बोट पुढं सरकत नव्हतं.

"आलं," ऋतुराज म्हणाला. इतकंच.

संध्याकाळी त्याने कव्हर ऑनलाइन दुकानात चढवलं आणि थोड्याच वेळात खुणा वाढायला लागल्या. कुणी ब्राझीलमधून, कुणी पोलंडमधून. तात्यासाहेबांनी दोनदा वर येऊन विचारलं, "हे लोक खरंच असतात का?" सत्यशीला घरी जाताना बसमध्ये स्वतःशीच हसत होती. अशी ती कॉलेज सुटल्यापासून हसली नव्हती. ते चित्र तिने व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावलं. वर काही लिहिलं नाही. काय लिहावं हे सुचलंच नव्हतं.

सकाळी मायचा फोन आला. मागं बायांचा आवाज येत होता.

"शीले, तुला आधी कळलं व्हय?" मायचा आवाज घासल्यासारखा झाला होता. "अन् तू मला फोन नाय केला?"

"काय कळलं, माय?"

"फोटो लावला की गं तू. आबाचा फोटो लावला."

सत्यशीलाच्या आता ध्यानात आलं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर माणूस कधी एकटा नसतो. भोवती शुभेच्छुक असतात, वर नेते असतात. सगळा फ्लेक्स एकट्याला मिळतो तो मेल्यावर. डोक्यामागं उजेड, कडांना अंधार, खाली अक्षरं. असे कितीतरी तिने स्वतःच केले होते. एकटा चेहरा काढायची दुसरी रीत तिच्या हाताला ठाऊकच नव्हती. इंग्रजी अक्षरं गावात कुणी वाचली नव्हती. चुलते रामकिसन यांनी पहाटे उठून स्टेटस पाहिलं आणि हात जोडल्याची खूण करून चित्र भावकीच्या ग्रुपवर टाकलं. तिला कुणी विचारलं नाही. अशा वेळी पोरीला काय विचारायचं?

"माय, आबा बरे हायत. ते चित्र हाय. गेमचं."

"कशाचं?"

"गेमचं. खेळ असतो कॉम्प्युटरवरचा."

"खेळात आबाला कशाला घातलंस?" मायने मागच्या बायांना गप्प केलं. "मग फोन का उचलंना त्यो?"

सत्यशीलाने आबांना फोन लावला. आबांचा फोन बंद होता. तो तसा नेहमीच बंद असायचा. ज्याच्या शेतात मेंढरं बसवली त्याच्या घरी चार्ज झाला तर झाला. तिने रामकिसनकाकांना सांगितलं, काकांनी तिकडच्या ओळखीच्यांना. कुणी म्हणालं, कालपर्यंत नदीच्या अलीकडे होते. कुणी म्हणालं, मेंढरं दिसली पण म्हातारा नाही दिसला. ती दुकानात गेलीच नाही. आपल्या भाड्याच्या खोलीवर बसून पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत राहिली, आणि मध्येच तिची नजर आपल्याच चित्रावर जायची. हा माणूस खरंच मेलेला दिसतो, असं तिला वाटलं. मग वाटलं, मला ठाऊक होतं का? हाताला आधी कळतं का? दुपार होईतो ती मनातून रडून मोकळी झाली होती.

उन्हं कलताना एका केळीवाल्याच्या फोनवरून आबांचा आवाज आला.

"कोण गेलं म्हणं?"

"तुम्ही, आबा."

पलीकडे मेंढरांच्या घंट्या वाजत होत्या. मग आबा खोकल्यासारखे हसले. "मंग हितं मेंढरं कोण वळायलंय? रामकिसनला म्हणावं, तेराव्याचं जेवण ठिव मागं, मी येतो जेवायला."

गावात हसणं झालं, आयुष्य वाढलं म्हणून लोक मायला सांगून गेले. पण तोवर, खेळाच्या चित्राची गोष्ट न पटलेल्या बायांनी म्हाळसाबाईला अंगणात आणून बसवलं होतं आणि तिच्या एका हातातल्या बांगड्या फोडून झाल्या होत्या. दुसऱ्या हाताला कुणीतरी हात घालणार, तेवढ्यात आबा बोलल्याचं सांगायला सत्यशीलाचा फोन आला. त्या भरल्या आणि रिकाम्या हाताने माय दोन दिवस तशीच वावरली. कासार यायचा होता.

"शीले, ते चित्र काढून टाक," ती फोनवर म्हणाली. ओरडली नाही, तेच वाईट होतं. "त्याच्याम्होरं लोक रडलेत. रडलेलं चित्र जित्त्या माणसाचं ठिवत नसत्यात."

सत्यशीला पुंडलिकनगरला गेली आणि ऋतुराजला तिने सगळं सांगितलं. तो ऐकताना एकदा हसणार होता, पण बांगड्यांचं ऐकून थांबला.

"उत्सव सोमवारी सुरू होतोय," तो म्हणाला. "लोक येतायत ते या चेहऱ्यामुळे. पण तुझे वडील आहेत. तू म्हणशील तर काढतो."

त्याने नकार दिला असता तर तिला बरं वाटलं असतं. ती दिवसभर तिथंच बसून दुसरं कव्हर काढत राहिली. डोक्यामागचा उजेड पुसला, तर चेहरा मातीत मिसळला. कडांचा अंधार काढला, तर पासपोर्टचा फोटो झाला. ओठांवर थोडं हसू दिलं, तर ग्रामपंचायतीला निवडून आल्यासारखे आबा दिसायला लागले. दुसराच कुणी म्हातारा काढला. तो कुणीच नव्हता. प्रत्येक वेळी ऋतुराज चित्र लहान करायचा आणि ती पुन्हा कोरं पान उघडायची. नानांचा फेब्रुवारी संपत आला होता. कव्हर बदललं तर आपण पुन्हा कुणाच्या तरी कॉलरी सरळ करायला जाणार, आणि तेही कुठं, हे तिला समोर दिसत होतं.

"राहू द्या," ती म्हणाली.

स्टेटस तिने काढलं. मायला फोन करून सांगितलं, "काढलं गं माय. सगळीकडून काढलं."

"बरं झालं," माय म्हणाली. "आता झोप लागंल मला."

उत्सवाला लोक आले. अपेक्षेपेक्षा जास्त आले. चेहरा बघून आत शिरले आणि आत त्यांना वाटाण्याएवढा मेंढपाळ दिसला, चौकोनी ठिपक्यांची मेंढरं दिसली, कोडी घालणाऱ्या विहिरी दिसल्या. ऋतुराजच्या त्या विहिरी खरं तर गमतीदार होत्या. पण कव्हरवरच्या माणसाबरोबर चालायला आलेल्यांना गंमत नको होती. एकाने लिहिलं, 'त्या म्हाताऱ्यासाठी आलो होतो. तो यात कुठं आहे?' दुसऱ्याने लिहिलं, 'चित्राने फसवलं.' लोक थोडा वेळ खेळायचे आणि निघून जायचे. केलेल्या खुणा पुसूनही जायचे. पहिले दोन दिवस ऋतुराज तिला अभिप्राय वाचून दाखवत होता. नंतर त्याने वाचणं बंद केलं.

"तू जरा वाईट काढायला पाहिजे होतंस," शेवटच्या दिवशी तो म्हणाला आणि हसला. हे कौतुक की बोल, हे तिला अजूनही ठरवता आलेलं नाही. प्रकाशकाने उत्तर पाठवलं नाही.

मार्चमध्ये तात्यासाहेबांच्या जिन्यावरून क्लासचे बाक वर गेले. ऋतुराज पुण्याला परतला. सत्यशीलाने त्याला कळवलं, निदान आता तरी ते कव्हर काढा. 'हो, करतो,' असं उत्तर आलं. पुन्हा कळवलं, तेव्हा नव्या ऑफिसात खूप काम आहे, रविवारी नक्की, असं आलं. नंतर तिने विचारलं नाही. नानांनी तिला ठेवलं नाही आणि पुरतं काढलंही नाही. श्रद्धांजलीचं काम आलं की तेवढ्यापुरतं बोलावतात. यंत्र गेलेल्या माणसाला फार तरुण करतं, मग घरचे भांडायला येतात.

एप्रिलात केळीच्या मुलखातही विहिरी तळाला गेल्या आणि आबांनी तिथंच मेंढरं विकली. कुणाला, कशी, हे ते बोलले नाहीत. गावी महिनाभर ओट्यावर बसून काढला आणि मग रामकिसनकाकांच्या ओळखीने शहरात आले. बायपासच्या पलीकडे एक नवी सोसायटी होते आहे, तिच्या फाटकावर ते बसतात. मालकाने खाकी सदरा आणि टोपी दिली आहे. पटका घालायचा नाही, असं बजावलं आहे.

एका रविवारी सत्यशीला भाकरी घेऊन गेली. फाटकाच्या आत प्लास्टिकच्या खुर्चीवर आबा बसले होते. डोक्यावर टोपी नव्हती, ती मांडीवर होती. समोर आखलेल्या प्लॉटांवर चुन्याच्या रेघा आणि मधेमधे वाळलेली रोपं.

"ते चित्र हाय का गं अजून?" आबांनी एकदम विचारलं.

तिला खोटं बोलता आलं असतं. "हाय," ती म्हणाली.

"अन् मायला?"

"काढलं म्हणून सांगितलं."

आबांनी मान डोलावली. "दाव बरं."

तिने मोबाइलवर ते पान उघडलं. आबांनी फोन हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग पुन्हा लांब.

"लई उजेड लावला पोरी," ते म्हणाले. बराच वेळ बघत राहिले. "कुणीकडं चाललाय ह्यो?"

"आठव्या कुरणाकडं. सात जळाली ना."

"घावतं का?"

"घावतं म्हणं शेवटी. पण तितवर कुणी खेळलंच नाय, आबा."

"आता कोण बघतं हे?"

सत्यशीलाने पान खाली सरकवलं. शेवटचा अभिप्राय फेब्रुवारीतला होता. "कुणीच नाय."

"बरं हाय मंग," आबा म्हणाले आणि फोन तिच्या हातात दिला.

बाहेर हॉर्न वाजला. आबांनी टोपी चढवली, उठून दांडा वर केला आणि काळ्या काचांच्या गाडीला सलाम केला. गाडी आत गेली. धूळ खाली बसेपर्यंत ते दांड्याला धरून उभे होते. परत येऊन त्यांनी टोपी काढली, भाकरीचं फडकं सोडलं आणि पहिला तुकडा मोडताना विचारलं, "मायचा गुडघा कसा हाय?"